पाण्यातली हवा

बॉयलरच्या आत माणूस जाऊ शकतो, हे आमच्या घरी कुणाला पटायचं नाही. हसनाबादच्या अलीकडे आमचं शेतकऱ्याचं घर. सुट्टीला गेलो की वडील चारचौघांत विचारायचे, "भट्टीत शिरतोस म्हणं तू?" मी सांगायचो, भट्टीत नाही, भट्टीभोवती पाण्याचं मोठं पिंप असतं त्यात, आणि तेही पाणी सोडून दिल्यावर, सगळं थंडगार झाल्यावर. वडील मान हलवायचे आणि विषय बदलायचे. घरची जमीन सोडून पोरगा जालन्यात कोळसा ओढतो, हे त्यांच्या मनाला लागलेलं होतं. मला मात्र त्या पिंपाचं वेड होतं. आजही आहे. कुणी बॉयलरबद्दल विचारलं की मी सुरू होतो, आणि समोरच्याचा चहा गार झाला तरी थांबत नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण बॉयलर तपासायला साहेब अजून हैदराबादहूनच यायचे. मी स्टेशनच्या बाजूला एका जिन-प्रेस कारखान्यात बॉयलरवर होतो. कापसातली सरकी काढायची आणि रुईच्या गाठी दाबायच्या, हे तिथलं काम, आणि ती सगळी यंत्रं वाफेवर चालायची. वाफ माझ्या ताब्यात. परीक्षा देऊन दाखला मिळवलेला, वय कोवळं आणि राग नाकावर, त्यामुळे मी त्या आवारात मालकासारखा वावरायचो. खरे मालक शेठजी. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या जैन घराण्यातले, मस्तगडात राहणारे. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांच्या वाटणीचाही मीच चढवायचो.

त्या उन्हाळ्यात इन्स्पेक्टर साहेब आले. सडपातळ, पांढऱ्या मिशांचे, दख्खनी बोलणारे गृहस्थ. दिवा घेऊन बॉयलरच्या भोकातून आत गेले. हातोडीची टकटक ऐकू येत होती, ती मध्येच थांबली.

"मियाँ, जरा अंदर आव," आतून हाक आली.

मी रांगत गेलो. पाणी आत येण्याच्या नळाजवळ त्यांनी दिवा धरला होता. पत्र्यावर तांबूस फोड आलेले. त्यांनी त्यातला एक फोड खरवडून काढला, आतून काळी भुकटी पडली, आणि खाली खड्डा. माझ्या करंगळीचं टोक त्यात बसलं. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या गालासारखा तो सगळा भाग दिसत होता.

"ये पानी में की हवा का काम है," साहेब म्हणाले. "वोच लोहा खा री."

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हे माझ्या कामाला नावं ठेवतायत. मी म्हणालो, "साहेब, हवेत तर अख्खा कारखाना हुभा हाये. त्याला तर खड्डे पडले न्हाईत."

साहेब हसले. बाहेर येऊन त्यांनी काचेचा ग्लास मागवला, त्यात माठातलं गार पाणी घेतलं आणि ग्लास उन्हात ठेवला. आमचा चहा पिऊन होईपर्यंत काचेला आतून बारीक बारीक बुडबुडे चिकटले. ग्लासाला कुणी हात लावला नव्हता, फुंकर मारली नव्हती. साहेबांनी समजावून सांगितलं की गार पाण्यात हवा विरघळलेली असते, साखर विरघळावी तशी, दिसत नाही. मासे तिच्यावरच जगतात. पाणी तापलं की तिला पाण्यात राहवत नाही, ती बाहेर पडते. आपण उघड्यावर पाणी तापवलं तर ती आकाशात जाते. पण बॉयलरच्या आत ती सुटली तर जाणार कुठे? तापलेल्या लोखंडाला डसते.

मी तो ग्लास हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसलो. असे बुडबुडे मी जन्मभर पाहिले होते, तांब्यात, हंड्यात, उन्हात राहिलेल्या बादलीत, आणि कधी एकदाही विचारलं नव्हतं की हे कुठून येतात. मला इतका आनंद झाला की खड्ड्यांचं दुःखच राहिलं नाही. शेठजींना ते दिसलं असावं, कारण ते म्हणाले, "मिस्तरी, हसू नका. साहेब पुढचं सांगून राह्यले, ते ऐका."

पुढचं असं होतं: खड्डे वाढले तर पुढच्या वर्षी बॉयलरला दाखला मिळणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत पाण्यातली हवा काढायचं स्वतंत्र यंत्र असतं. आपल्यासारख्या छोट्या कारखान्याने निदान पाणी उघड्या टाकीत खळखळून उकळावं आणि मगच बॉयलरला द्यावं. एवढं सांगून साहेब परतीच्या गाडीला निघून गेले.

शेठजींकडे तेव्हा तेलाच्या इंजिनांचा एक एजंट खेपा घालत होता. शेठजींनी मला सरळ सांगून टाकलं, "एक सीझन बघतो. नवे खड्डे निघाले तर बॉयलर भंगारात अन् तेलाचं इंजिन बसवायचं. इंजिनवाले त्यांचाच माणूस देतात. मंग तुमचं काम राह्यलं न्हाई. मी आधीच बोलून ठेवतो, मागून तक्रार नको."

म्हणजे बॉयलर गेला की मी गेलो. वडील तर वाटच बघत होते. शेतीला मी नावं ठेवत नाही, पण त्या वयात मला बैलांमागे परत जायचं नव्हतं. मी कामाला लागलो.

कारखान्याच्या वाफेच्या इंजिनातून काम करून बाहेर पडलेली वाफ आम्ही तोवर छपरावरून आभाळात सोडून द्यायचो. ती वळवली. लोखंडी टाकीत नळीचं वेटोळं बसवलं आणि वाफ त्यातून फिरवली, की पाणी फुकटात उकळायला लागलं. टाकीशेजारी उभं राहून मी ते बुडबुडे उठताना बघायचो आणि मनात म्हणायचो, निघा, निघा, सगळे निघा. शेठजींना तर ही कल्पना पहिल्या दिवसापासून आपलीशी वाटली. त्यांच्या घरात पाणी उकळूनच प्यायचे. गाळल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात नाही. "आमच्याकडं हे बापजाद्यांपासून चालत आलं," ते म्हणाले. "बॉयलरलाबी तेच पाजायचं. बिलकुल बराबर हाये."

घोडं अडलं ते इंजेक्टरपाशी. बॉयलरमध्ये पाणी ढकलायला आमच्याकडे इंजेक्टर होता. वाफेच्या झोताने तो पाणी ओढून घेतो आणि आत दामटतो. पण त्याला पाणी लागतं गार. उकळतं पाणी दिलं की तो थुंकायचा, फुरफुरायचा, आणि सगळं अंगावर उडवायचा. मी त्याला शिव्या घातल्या, दोनदा खोलून साफ केला, एकदा लाथही मारली. त्याने पाणी घेतलं नाही.

"त्यात काय," शेठजी म्हणाले. "घरी उकळतं पाणी थोडंच पितो आपण? थंड करून पितो. तसंच करायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मस्तगडाहून बैलगाडी आली. गाडीत लग्नकार्यात वापरायच्या पितळी पराती, ही थोरली थोरली, आणि परातींच्या राखणीला भुवाजी. भुवाजी म्हणजे शेठजींची मोठी बहीण. लहानपणी वैधव्य आलेल्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. घरातलं पिण्याचं पाणी त्यांच्या हातचं. घरची पोरं भुवाजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या बॉयलरसमोर उभ्या राहिल्या, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "एवढं पितो हा? रोज?"

मग जे सुरू झालं ते बघायला शेजारच्या कारखान्यातले लोक यायचे. आवारात पराती ओळीने मांडलेल्या. टाकीतलं उकळतं पाणी बादल्यांनी काढायचं, चार पदरी कापडातून परातीत ओतायचं, या परातीतून त्या परातीत वरून धार धरायची, निवलं की हौदात सोडायचं, हौदातून इंजेक्टर घेणार. रोज भल्या सकाळी हे चालायचं. कामाला लावलेल्या बाया ओळीने उभ्या, भुवाजी मधोमध. "धार तुटू देऊ नको," "वरून, अजून वरून," असं त्या सांगायच्या आणि बाया हात डोक्याच्या वर नेऊन पाणी ओतायच्या. थंडीतली वाफ, पितळेवर पडलेलं ऊन, पाण्याचा आवाज. मी खुशीत होतो. आमचा बॉयलर सोवळ्यातलं पाणी पितो, असं मी बाजारात सांगत फिरायचो. लोक हसायचे, मीही हसायचो.

संक्रांतीला कारखाना बंद असायचा. बॉयलर थंड झाला तेव्हा मला राहवलं नाही. सीझन संपायची वाट कशाला बघायची, आत्ताच उघडून शेठजींना दाखवू, असं मनाने घेतलं. शेठजींना निरोप धाडला. ते आले, भुवाजीही तिळगुळाची पुडी घेऊन आल्या. मी आतलं पाणी सोडून दिलं, झाकण काढलं, दिवा घेतला आणि हसत हसत आत गेलो.

नळाजवळ पोचलो आणि दिवा वर केला. फोड होते. लालभडक, ताजे, ओले. जुन्या खड्ड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतही आले होते. एक खरवडला. तीच काळी भुकटी, आणि खाली बोटाला लागेल असा नवा खड्डा.

मी बाहेर आलो आणि हात पुढे केला. शेठजींनी माझ्या हातावरची भुकटी बघितली आणि काय ते ओळखलं. "उकळलं. गाळलं. थंड केलं," ते हळूच म्हणाले. "अजून काय करायचं राह्यलं होतं?" आणि निघता निघता, "सण होऊन जाऊ द्या. इंजिनवाल्याला बोलावून घेतो."

ते गेले. भुवाजी राहिल्या, त्यांना पराती घासून घ्यायच्या होत्या. आणि माझा सगळा राग त्या परातींवर निघाला. मी म्हणालो, "काय उपेग झाला ह्या परातींचा? लोकं हसून राह्यले आपल्याला. पराती घेऊन जा तुमच्या."

माझ्या आईच्या वयाची बाई. दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर उठून गेली असती. भुवाजींनी हातातली परात खाली ठेवली.

"परातीला नावं ठेवू नको, भाऊ. तुला उकळलेलं पाणी कसं प्यायचं ठाऊक हाये का? चुलीवरून उतरवून तसंच झाकून ठेवलं ना, तर निवलं तरी फिक्कं लागतं. घशाखाली उतरत न्हाई. वरून धार धरली की मंग त्याला चव येते. उगं न्हाई ओतत आम्ही."

मी काहीतरी उलट बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. धारेने चव येते. म्हणजे धारेने पाण्यात काहीतरी जातं. वरून ओतताना पाण्याला भेटतं तरी कोण? मीठ नाही, साखर नाही. नुसती हवा.

मी धावत टाकीकडे गेलो. बॉयलर परत भरायला लागणारं पाणी मी सकाळीच टाकीखाली लाकडं पेटवून उकळून ठेवलेलं होतं, ते अजून चटका देत होतं. औषधाची एक रिकामी बाटली टाकीत बुडवून काठोकाठ भरली आणि बूच मारलं. तेच पाणी या परातीतून त्या परातीत धार धरून निववलं आणि दुसरी बाटली त्याने भरली. पहिली पाण्याच्या हौदात बुडवून गार केली. मग दोन्ही बाटल्या आवाराच्या भिंतीवर उन्हात ठेवल्या आणि समोर बसून राहिलो. भुवाजींना सांगितलं, "बसा हितं. कुठं जाऊ नका." माझी अवस्था बघून त्या बसल्या.

ऊन चढलं. परातीतल्या पाण्याच्या बाटलीला आतून बुडबुडे धरायला लागले. आधी एक-दोन, मग सगळी काच भरून गेली. टाकीतल्या पाण्याची बाटली स्वच्छ. मी ती डोळ्याला लावून फिरवून फिरवून बघितली. एक बुडबुडा नाही. मी किंचाळलो असेन, कारण चौकीदार काठी घेऊन आला.

तसाच पळत सुटलो, अनवाणी, स्टेशनपासून मस्तगडापर्यंत. सणाचा दिवस, नवे कपडे घातलेले लोक तिळगूळ वाटत होते, आणि त्यातून कोळशाने माखलेला मी. कुणी हाक मारली तरी थांबलो नाही. शेठजी जेवून नुकते लोडाला टेकले होते. मी दारातूनच ओरडलो, "शेठजी, जल्दी चला. सापडलं." त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. टांगा बोलावला.

भिंतीपाशी उभं राहून त्यांनी दोन्ही बाटल्या पाहिल्या. मी श्वास न घेता सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे आपण रोज हवा काढत होतो, अन् रोजच्या रोज वापस घालत होतो."

पहिल्यांदा हसल्या त्या भुवाजी. पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि थांबेचनात. "माणसाला जी चव लागते ती लोखंडाला चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढंच ना? मंग गरमच पाजा त्याला."

गरमच पाजायचं, तर इंजेक्टर बाद. गोदामाच्या मागे वाफेवर चालणारा एक जुना पंप गंजत पडला होता. मी तो खोलला, घासला, त्याच्या चामड्याच्या चकत्या काढून गरम पाण्याला टिकतील अशा घातल्या. शेठजींनी इंजिनवाल्याला निरोप पाठवायचं थांबवलं होतं, पण रद्द केलं नव्हतं. "उन्हाळ्यात साहेब येतील, तवा बघू," एवढंच म्हणाले. त्यांच्या बापजाद्यांची रीत चुकीची ठरल्यासारखं त्यांना आत कुठेतरी लागलं होतं. मीच मग म्हणालो की गाळणं ठेवू, उकळायच्या आधी गाळू, म्हणजे टाकीत घाण जाणार नाही. भुवाजींनी लगेच मान डोलावली. घरीसुद्धा आधी गाळतात, नंतर उकळतात, कारखान्यातच उलटं चाललं होतं. पराती धुऊन-पुसून गाडीत बसल्या आणि मस्तगडाला परत गेल्या.

पंप पहिल्या दिवशी चालला नाही. ठोके द्यायला लागला, जसं काही आत कुणी घण मारतंय. उकळतं पाणी ओढायला गेलं की त्याचीच वाफ होते आणि पंपाच्या हाती काही लागत नाही, हे मला चटके खाऊन कळलं. त्याला पाणी ओढायला लावायचंच नाही, वरून आपसूक खाली यायला हवं. मग दगडी खांब बांधून घेतले, टाकी साखळदंडाने उचलून त्यांच्यावर चढवली. हमाल, गाडीवान, जिनावरच्या बाया, सगळे जमले होते. टाकी हलली की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघायचा.

वर पाणी उकळलं. मी तोटी सोडली आणि पंपाला वाफ दिली. एक ठोका, दुसरा ठोका, आणि मग तो संथ चालायला लागला, म्हाताऱ्या बैलासारखा, न थांबता. बॉयलरकडे जाणाऱ्या नळाला हात लावला तर हात भाजला. फोड आला. मी तो फोड दिवसभर ज्याला त्याला दाखवत होतो. इतका आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही, आणि हे माझ्या बायकोला मी सांगितलेलं आहे.

कोळसा कमी लागायला लागला, वाफ भरभर चढायला लागली. पण आतलं कुणाला दिसत होतं? उरलेला सगळा सीझन मी जीव मुठीत धरून काढला.

उन्हाळ्यात साहेब आले. झाकण उघडलं. त्यांनी दिवा घेतला आणि आत गेले. मला हातानेच बाहेर थांबवलं. टकटक सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. शेठजी सावलीत खुर्चीवर बसले होते आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मनात औत, बैल, वडिलांची मान हलवायची ती तऱ्हा, सगळं येऊन गेलं.

साहेब बाहेर आले, कपडे झटकले. "पुराने खड्डे हैं, सब काले पड़ गए. एक भी जिंदा नहीं. नया कुछ नहीं," ते म्हणाले. "क्या किया मियाँ?"

मला सांगायचं होतं, पण शेठजी उठून उभे राहिले होते. त्यांनी पगडी काढून खुर्चीवर ठेवली, कोट काढला, धोतर वर खोचलं, आणि साहेबांच्या हातून दिवा घेतला. इतकी वर्षं कारखाना त्यांचा, पण त्या भोकातून त्यांनी कधी वाकूनही बघितलेलं नव्हतं. हिशेब बघणारे मुनीमजी "शेठजी, शेठजी" करत पुढे आले. शेठजी तोवर कमरेपर्यंत आत गेले होते.

मी त्यांच्या मागून गेलो. ते नळाजवळ मांडी घालून बसले होते, पांढरं धोतर काळं झालेलं. त्यांनी एका खड्ड्यावर बोट ठेवलं. कोरडा, काळा, गुळगुळीत. दुसऱ्यावर ठेवलं. मग पूर्ण तळवा पत्र्यावर फिरवला, सावकाश, पार हात पोचेल तिथवर.

"पन्नास माणसं ह्याच्या जिवावर जेवतात," ते म्हणाले. आत आवाज घुमत होता. "अन् मी आत कधी आल्तो न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"मिस्तरी, तेलाच्या इंजिनात असं आत जाऊन बघता येतं का?"

"न्हाई शेठजी. त्याच्यात माणूस मावत न्हाई."

त्यांनी दिवा पुन्हा त्या काळ्या खड्ड्यांकडे धरला. बाहेरून मुनीमजी हाका मारत होते.

"मंग राहू द्या," शेठजी म्हणाले, आणि उठायला मला हात मागितला.